कुमुदताईंनी न केलेली सही

कुमुदताईंच्या भावाचा सौंसरहून फोन आला, तेव्हा मी पांढुर्ण्याला बँकेच्या रांगेत उभा होतो. "बाई गेली सकाळी," एवढंच ते म्हणाले. मी तसाच स्टँडवर गेलो... आणि सौंसरची बस डोळ्यांदेखत सुटू दिली. पुढच्या बसनं गेलो. दीड महिना झाला, अजून एका जागी बसवत नाही.

पस्तीसेक वर्षांपूर्वी कुमुदताई आणि मी नागपूरच्या एका छोट्या कंपनीत होतो. घरोघरी वापरायचे संगणक नुकते येत होते. मराठीतून आज्ञा घेईल अशी ऑपरेटिंग सिस्टिम आम्ही लिहीत होतो. म्हणजे लिहायच्या त्या, मी तपासायचो. दुसरी एक कंपनीही तेच करतेय असं कळलं आणि मालकांना घाई सुटली. त्याच आठवड्यात ताईंना दोष सापडला. फ्लॉपी भरत आली की नवी फाइल जुनीच्या जागेवर लिहिली जाई. यादीत मात्र दोन्ही दिसत. मालक म्हणाले, पुढच्या आवृत्तीत बघू. "लोकायचं लिहिलेलं पुसून राहिलं, अन् आपण विकायचे डबे पॅक करून राहिलो?" ताई मला म्हणाल्या. 'चाचणी पूर्ण' अशा कागदावर त्यांनी सही केली नाही, राजीनामा दिला. सही मी केली. माझं नुकतंच लग्न झालं होतं... हे कारण मी स्वतःला किती वेळा सांगितलं असेल!

पहिली तक्रार आली ती पांढुर्ण्याच्याच एका मराठीच्या प्राध्यापकांची. गावोगाव फिरून त्यांनी आपल्या बोलीतले शब्द जमवले होते, संगणकावर चढवले होते. निम्मे गेले. कंपनीनं पत्राला उत्तरही दिलं नाही. ताईंच्या मात्र ते कानावर गेलं, आणि त्या दर रविवारी सौंसरहून येऊन सरांच्या हस्तलिखित चिठ्ठ्यांवरून ते शब्द पुन्हा टाइप करू लागल्या. वर्षभर. मीही रविवारी नागपूरहून पांढुर्ण्याला घरी यायचो आणि त्यांच्या बसची वेळ टाळून बाहेर पडायचो.

तेरवीला सर भेटले. ताईंच्या खोलीत खिडकीपाशी बसले होते. मांडीवर तो शब्दसंग्रह, छापून आलेला. "बाईनं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं," ते म्हणाले, "'सर, चूक माझी, सही मीच केली.'" मी तोंड उघडलं, तेवढ्यात जेवणाची हाक आली... आणि मी उठलो.

सर, सही माझी होती. तुम्हाला आता कमी दिसतं, पेपरची रविवारची पुरवणी सूनबाई वाचून दाखवतात, असं तुम्हीच त्या दिवशी म्हणालात, म्हणून हे पुरवणीतच छापायला दिलं. सूनबाई, इथं थांबू नका. मोठ्यानं वाचा.