सौ. कॉकटील आणि आमचे शेजारी

"थांबा, मी सांगतो," असं म्हणून ते उजव्या हाताचं बोट वर करायचे. प्लंबर नळ दुरुस्त करायला आला की त्याला, नर्सनं रक्तदाब बघायला पट्टा बांधला की तिला, आणि मी फार्मसिस्ट असूनही औषधांबद्दल मला. बोट वर गेलं की समोरच्यानं गप्प व्हायचं असा त्यांच्या घरचा रिवाज होता, आणि तो घराबाहेरही चालतो असा त्यांचा समज होता. तुमच्याही शेजारी असं एक बोट राहत असेल. नसेल, तर स्वतःकडे एकदा नीट बघून घ्या.

शहराच्या उत्तर टोकाला, अल्बनीत, आमची घरं एकाच ड्राइव्हवेवर होती. माझं पुढचं, त्यांचं मागचं. त्यांची गाडी माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीवरून जायची, आणि जाताना काच खाली करून ते मला काहीतरी शिकवून जायचे. गृहस्थ पुण्याचे, आयटीत कुठल्याशा मोठ्या पदावर. मी ठाण्याची, एकटी राहणारी. माझं एकटं राहणं त्यांना फार टोचायचं. "ताई, एकट्यानं राहणं प्रकृतीला बरं नसतं," हे मी दर हिवाळ्यात ऐकलेलं आहे. मला सर्दी झाली तरी कारण तेच.

आता ते ब्रिस्बेनला असतात. गेले तेव्हा मला हायसं वाटलं, हे मोकळेपणानं सांगते. मग त्यांच्याबद्दल लिहायला का बसले? सौ.साठी बसले.

सौ. म्हणजे त्यांची बायको नव्हे. बायकोला मी वहिनी म्हणायचे. शांत बाई, एका वृद्धाश्रमात काम करायच्या आणि घरी येऊन पुन्हा तेच करायच्या. सौ. ही कॉकटील. पोपटाच्या जातीतला हा पक्षी, राखाडी अंगाचा, डोक्यावर तुरा, गालांवर नारिंगी ठिपका. आधी त्यांच्याकडे एक नर आला. त्याचं नाव त्यांनी 'श्री.' ठेवलं आणि त्याला शिटीवर आरतीची चाल शिकवायला घेतली. श्री. पहिल्या ओळीपर्यंत पोचला आणि तिथेच राहिला. पुढची दोन वर्षं आम्ही सगळ्यांनी ती एकच ओळ ऐकली.

मग एके दिवशी बोट वर झालं. "ताई, थांबा, मी सांगतो. एकट्यानं राहिल्यामुळे त्याची प्रगती खुंटली आहे." बोलले श्री.बद्दल, बघत होते माझ्याकडे. त्याच आठवड्यात मादी आली. तिचं नाव ओघानंच 'सौ.'.

लग्न लावलं हो! मला बोलावणं होतं. हे गृहस्थ मोबाइलवर मंगलाष्टकं लावून, कद नेसून पिंजऱ्यासमोर उभे. आम्ही अक्षता टाकल्या, त्या नवरा-नवरीनं वेचून खाल्ल्या. अक्षतांचा इतका सदुपयोग मी दुसऱ्या कुठल्या लग्नात पाहिलेला नाही.

लाड मात्र खरे होते, ते नाकारत नाही. पिंजरा लाउंजमध्ये, रँच स्लायडरच्या, म्हणजे डेकवर उघडणाऱ्या सरकत्या काचेच्या दाराच्या, उन्हाच्या कोपऱ्यात, देव्हाऱ्याच्या अगदी शेजारी. दिवसभर हीट पंपची ऊब. रात्री उशिरापर्यंत दिवे चालू, कारण यांचा टीव्ही चालू. तुपात कुस्करलेली पोळी, भिजवलेले हरभरे. आणि सौ.ला तळहातावर घेऊन हे तासन् तास तिच्या पाठीवरून बोट फिरवत बसायचे. तेच बोट. तिच्यासमोर मात्र ते वर जात नसे.

मग सौ.नं अंडं घातलं. दाण्याच्या वाटीमागे, पिंजऱ्याच्या तळाला, देवाच्या डोळ्यांसमोर.

त्या घरात तीन पिढ्यांत कधी अंडं आलं नव्हतं. केकसुद्धा बिनअंड्याचा, न्यू लिनहून खास मागवलेला. हे गडबडले. पक्षी अंडी घालतो हे त्यांनी शाळेत वाचलं होतं, पण आपल्या घरातला घालेल असं त्यांच्या मनात आलं नव्हतं. देव हलवायचे नाहीत, कारण दिशा ठरलेली. पिंजरा हलवायचा नाही, कारण ऊन तिथेच. तेव्हा हललं ते अंडं. चिमट्यानं उचललं, वर्तमानपत्रात गुंडाळलं, बाहेरच्या कचऱ्यात टाकलं, आणि गृहस्थांनी अंघोळ केली.

एक दिवस गेला, दुसरं अंडं. चिमटा, वर्तमानपत्र, अंघोळ. मग तिसरं. अंघोळींचा धडाका लागला.

वहिनींनी नेटवर वाचलं. माझ्यासमोर त्या म्हणाल्या, "अहो, अंडी काढायची नसतात म्हणे. काढली की तिला वाटतं आपली हरवली, मग ती पुन्हा घालते. राहू दिली तर बसते काही दिवस आणि कंटाळून आपणच सोडते."

"थांब, मी सांगतो. देवाशेजारी अंडी ठेवायची? उद्या म्हणशील आम्लेट करून नैवेद्य दाखवा."

मी म्हटलं, "निदान कॅल्शियम तरी द्या तिला. कवच कशातून बनवतेय ती? स्वतःच्या हाडांतून."

"ताई, तिला रोज पोळीला तूप असतं," ते म्हणाले. तुपातून कॅल्शियम काढणारा हा पहिला इंजिनिअर.

शेवटी त्यांनी उपाय शोधला. शहराच्या दुसऱ्या टोकाला, मनुरेवाला, मराठी मंडळातल्या ओळखीच्या एक नर्सबाई राहायच्या, त्यांना पक्ष्यांची हौस. त्यांच्याकडे श्री.ला पोचवून आले. परतल्यावर खिडकीशी गाडी थांबवून म्हणाले, "प्रॉब्लेम रूटपासून सोडवला. आता कशी घालते बघू."

सौ.नं घातलं. थोडे दिवस दम खाल्ला, मग पुन्हा सुरू.

त्या दिवशीचा त्यांचा चेहरा मी विसरणार नाही. माझ्या दाराशी आले, आवाज खाली आणून म्हणाले, "ताई, मग हे कुणाचं?"

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा मी इतकी हसले की ओट्याला धरून उभी राहिले. म्हटलं, "अहो, कुणाचंच नाही. मादी एकटीसुद्धा अंडी घालते. कोंबड्या नाही का घालत?"

"कोंबड्यांचं वेगळं. त्यांना त्याच्यासाठीच पाळतात," असं म्हणून ते निघून गेले. दुपारी पाहिलं तर रँच स्लायडर घट्ट बंद आणि डेकवर येणाऱ्या चिमण्यांना हे पंचा उडवून हाकलतायत. त्यांचा संशय चिमण्यांवर होता.

इथपर्यंत हसू येत होतं. पुढे मला संताप येऊ लागला. त्यांनी सौ.ला हातावर घेणं बंद केलं. तिचं नाव टाकलं. "ती", "तिला", "तिचं चाललंय". पिंजऱ्याजवळून जाताना मान फिरवायचे. ती बिचारी तुरा उभारून जाळीशी यायची, मान खाली घालून डोकं पुढे करायची, आणि हा एवढा मोठा माणूस मूठभर पाखराशी अबोला धरून टीव्ही बघायचा. चिमटा मात्र चुकत नव्हता. पदवीनं अक्कल येत नाही हे मला माहीत होतं. पण असलेली जाते, हे तेव्हा पाहिलं.

वहिनी एकदा माझ्याकडे चहाला आल्या असताना म्हणाल्या, "हलकी झालीय हो ती. हातावर घेतली तर वजन लागत नाही." मी कॅल्शियमचं द्रावण दिलं. वहिनी ते गुपचूप पाण्यात घालायच्या, आणि हे पाणी 'गढूळ' म्हणून बदलायचे.

जुलैतल्या, म्हणजे इथल्या ऐन हिवाळ्यातल्या, एका सकाळी ते ड्राइव्हवेवर धावतच आले. पायांत जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, अंगात पायजमा, चेहऱ्यावर विजय. "ताई! बंद झालं! काल यायला हवं होतं, आलं नाही. आजही नाही. मी म्हटलं नव्हतं? शिस्त लागली की सगळं थांबतं."

मी हातातलं ठेवून त्यांच्या घरी गेले. सौ. पिंजऱ्याच्या तळाशी बसली होती, पिसं फुगवून, डोळे अर्धे मिटून. प्रत्येक श्वासाला शेपटी खालीवर होत होती. अंडं यायचं थांबलं नव्हतं. ते आतच अडकलं होतं, आणि बाहेर ढकलायला तिच्या अंगात काही उरलं नव्हतं. आणि हे दारात उभे राहून मला शिस्तीबद्दल सांगत होते.

वहिनी वृद्धाश्रमाच्या युनिफॉर्ममध्ये होत्या. त्यांनी पिंजऱ्याभोवती टॉवेल गुंडाळला आणि म्हणाल्या, "गाडीची चावी द्या."

"अगं, थांब, मी सांगतो, ती नुसती रुसून..."

"चावी."

त्या घरात त्या आवाजात बोललेलं मी पहिल्यांदा ऐकलं. वहिनींनी गाडी चालवली, मी पिंजरा मांडीवर घेतला. ते मागच्या सीटवर बसले, कारण त्यांना उतरा म्हणायला कुणाला सवड नव्हती.

व्हेट तरुण मुलगी होती. तिनं सौ.चं पोट हळूच चाचपलं, इंजेक्शन दिलं, तिला उबेच्या पेटीत ठेवलं आणि मग विचारलं, आधीच्या अंड्यांचं काय केलं? त्यांनी सांगितलं. तिनं आणखी विचारलं. उजेड किती वेळ, खायला काय, हात कुठून फिरवता. ते सांगत गेले. मग ती रागावली नाही, हेच वाईट झालं. समजावून म्हणाली, की ऊब, लांबलचक दिवस, मऊ खाणं, पाठीवरून हात, या सगळ्याचा पक्ष्याच्या भाषेत एकच अर्थ होतो: हंगाम चांगला आहे, अंडी घाल. आणि घातलेलं दर वेळी नाहीसं होत गेलं, म्हणून ती घालत राहिली.

त्यांनी खालच्या आवाजात विचारलं, "बट देअर वॉज नो मेल. सो... नोबडी?"

"नोबडी," ती म्हणाली. "शी डझन्ट नीड वन. सेम अ‍ॅज चूक्स."

चूक्स म्हणजे इथल्या कोंबड्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी नजर हलवली नाही. सांगितलं होतं ना, असं मला मोठ्यानं म्हणायचं होतं, पण वहिनी शेजारी होत्या.

सौ. दुपारी गेली. पेटीतच, अंड्यासकट. संध्याकाळी त्यांनी फिजोआच्या झाडाखाली खड्डा खणला, गरजेपेक्षा बराच खोल. मी खिडकीतून बघत होते. मला त्यांची दया आली नाही. खोटं कशाला बोलू? मला वाटलं, खणा. तुम्हीच खणा.

त्यानंतर गाडी खिडकीशी थांबेनाशी झाली. मला ते सुखाचंच होतं.

मग गणपतीत मंडळाच्या हॉलमध्ये आम्ही सगळे भेटलो. साबुदाण्याच्या खिचडीची रांग होती. मनुरेवाच्या नर्सबाई हातात प्लेट घेऊन यांच्याकडे आल्या. "दादा, बरं झालं भेटलात. आमच्या मादीनं अंडी घातलीत. तुमचा श्री. दिवसभर बसतो त्यांच्यावर, रात्री ती बसते. आम्हाला पिल्लं नकोत हो, आधीच हीप्स पक्षी झालेत, ढीगभर. तुमच्यासारखी काढून टाकू का?"

"हात लावू नका," ते म्हणाले. रांगेतले चारजण वळून बघायला लागले.

"अहो, पण तुम्ही तर रोज काढायचात ना?"

"काढायचो. म्हणूनच मेली ती. मी मारली तिला."

वहिनी मागेच उभ्या होत्या. नर्सबाईंनी प्लेट टेबलावर ठेवली. गृहस्थांनीच पुढे सांगितलं, इकडेतिकडे न बघता, "पिल्लं नको असतील तर अंडी उकळायची. गार झाली की परत तिच्याखाली ठेवायची. तिच्यापाशी ती राहिली पाहिजेत. तुम्हाला जमत नसेल तर मी रविवारी येतो. मी उकळून देईन."

पुण्यातल्या त्यांच्या आईनं हे ऐकलं असतं तर काय झालं असतं, याचा मी विचार करत राहिले. माझं त्यांच्याबद्दलचं मत बदललं का? नाही. माणूस मूर्ख होता, आणि त्या मूर्खपणाची किंमत दुसऱ्याच कुणीतरी भरली. पण स्वतःच्या तोंडानं, भर रांगेत, बायकोसमोर तसं म्हणणारे शहाणे मला फारसे भेटलेले नाहीत.

रविवारी सकाळी माझ्या दारावर टकटक झाली. ते उभे होते, अंघोळ करून, गाडीची चावी हातात घेऊन. चपला काढून उंबऱ्याशीच थांबले. मग म्हणाले, "ताई, अंडं उकळतात कसं?"

मी त्यांना आत घेतलं, पातेल्यात पाणी भरलं, फ्रिजमधून एक अंडं काढून त्यांच्या तळहातावर ठेवलं आणि सांगायला लागले. ते शेवटपर्यंत ऐकत उभे राहिले.