पाच हजारवर शेवभाजी

आख्ख्या नंदुरबार जिल्ह्यात एकाच वेळी इतकी दारं उघडी टाकून निवांत बसणारा माझ्या आतेभावासारखा दुसरा माणूस नसेल. विसरवाडीला हायवेलगत त्याच्या वडिलांचं टायरचं दुकान, मागे घर आणि घरात त्याचा जुना लॅपटॉप. त्यावर त्याने स्वतः बनवलेली सहा-सात वेब ॲप अहोरात्र चालू, प्रत्येकाचा पोर्ट वेगळा. पोर्ट म्हणजे दाराचा नंबर. एका दारात एकानेच बसायचं. तीन हजारवर पूर्वी मिरचीचे भाव, आठ हजार ऐंशीवर दुरुस्तीला आलेले टायर, पाच हजारवर आजची भाजी. "जेवायला काय आहे रे?" असं विचारलं, की स्वयंपाकघरातून वास येत असतानाही हा म्हणणार, "पाच हजारवर देख." आत्या त्यात कधी काही भरत नाही, त्यामुळे तिथे बारा महिने शेवभाजीच असते. लॅपटॉप बंद करणं त्याला पाप वाटतं. प्रवासातही नुसतं झाकण लावतो. पंख्याच्या घरघरीला कंटाळून आत्या म्हणते, "हाऊ लॅपटॉप शे का पीठनी गिरणी?" इंटरनेटवर मात्र यातलं काहीही टाकायचं नाही. "घरनी गोष्ट घरमाच बरी," हे त्याचं तत्त्व.

या तत्त्वापायी त्याचं लग्न मोडता मोडता राहिलं. मुलगी ब्राह्मणपुरीची, आईवेगळी, बापाची एकुलती. दोघं एकमेकांना पसंत पडली. मग तिचे वडील घर बघायला आले, मिरचीचे भाव पाहून खूश झाले आणि पत्ता मोबाईलमध्ये घेऊन गेले. तो पत्ता या घराच्या वायफायबाहेर चालत नाही, हे सांगायला आमचे महाशय विसरले. दोन दिवसांनी फोन आला, "मन्हा मोबाईलमा काहीच उघडत नही. पोऱ्या थापा मारस." आतेभाऊ तोंड पाडून बसला. त्याला जेवण जाईना, तेव्हा मलाही चेष्टा सुचेनाशी झाली.

शेवटी लॅपटॉप मांडीवर घेऊन तो एसटीने ब्राह्मणपुरीला निघाला, मी सोबत. तिथल्या ओट्यावर वडील म्हणाले, "दखाड मिरची." याने तीन हजार उघडलं, तर मिरचीच्या जागी गाड्यांच्या वेळा. विसरवाडी ते नंदुरबार, नंदुरबार ते शहादा, पुढे ब्राह्मणपुरी. वडील घर बघून गेल्यावर त्याने हे ॲप गुपचूप बनवलं होतं, मिरचीला दुसऱ्या दारात हलवलं होतं आणि आता घाबरून तेच विसरला होता.

"हाई काय शे?" वडिलांनी विचारलं.

"तिले माहेरनी याद उनी ते गाडी सापडाले पाहिजे ना," हा खाली बघत पुटपुटला.

वडिलांनी शेवटच्या गाडीपर्यंत सगळ्या वेळा वाचल्या. मग आत वळून मुलीला म्हणाले, "चहा ठेव व बेटा."

लग्नानंतर वहिनी या वेळा बघून दर महिन्याला माहेरी जायची. मागच्या हिवाळ्यात तिचे वडील गेले. ब्राह्मणपुरीच्या घराला आता कुलूप आहे. तरी गाडीची वेळ बदलली, की आतेभाऊ स्टँडवर विचारून येतो आणि तीन हजारवर बदल करतो. मी एकदा म्हटलं, आता ते कशाला ठेवतोस? तो म्हणाला, "ती सांगी तवय बंद करसू."

वहिनी अजून तसं म्हणालेली नाही, आणि तिला विचारायचा मला धीर होत नाही.