उलटी लागलेली पट्टी

इंडोनेशियातल्या सोलो शहरात, लावेयान भागात राहणारा सुगिमान तसा साधा माणूस, पण एकदा डोक्यात काही शिरलं की निघत नाही. पोस्टातून निवृत्त झाला आणि डोक्यात शिरला वडिलांचा बिस्किटांचा डबा. त्यात बिस्किटं कुठली, घरच्या जुन्या फोटोंच्या निगेटिव्ह होत्या. त्याने स्कॅनर आणला, जेवणाचं टेबल बळकावलं आणि एकेक पट्टी ब्रशने झाडून काचेवर ठेवायला लागला.

त्याला आई हवी होती. ती गेली तेव्हा हा जेमतेम तीन वर्षांचा. नातेवाईक म्हणायचे, पोरगं अख्खं बापावर गेलंय, आईचं नखभर काही उतरलं नाही. ते त्याला जन्मभर बोचत होतं.

त्यात हा डावरा. लहानपणी पाहुण्यांपुढे डाव्या हाताने वाडगा धरला, म्हणून आजीने तो हात महिनाभर फडक्याने पाठीशी बांधला होता. आता साठी उलटली, तरी माउस डावीकडे ठेवायचा आणि थोरली बहीण निंग, त्याची म्बाक म्हणजे ताई, आली की गुपचूप उजवीकडे सरकवायचा.

त्या दुपारी पडद्यावर आई उमटली. बुटक्या स्टुलावर बसून कापडावर मेणाने बाटिकची नक्षी काढतेय, कुणाकडे तरी बघून हसतेय. मेणाची लेखणी डाव्या हातात.

"च्, पट्टी उलटी लागली," म्हणत त्याने फोटो आरशातल्यासारखा डावा-उजवा फिरवला. लेखणी उजव्या हातात गेली. मग धूळ पुसायला चित्र मोठं केलं, तर भिंतीवरच्या कॅलेंडरचे सगळे आकडे उलटे.

तेवढ्यात तळलेली केळी घेऊन निंग आली. माउस सरकवायचं त्याला सुचलंच नाही.

"म्बाक, हे कॅलेंडर बघ. उलटं दिसतंय."

"मग सुलटं कर की. एवढं मशीन कशाला आणलंस?"

"सुलटं केलं की आई डावरी होते."

निंग खुर्ची ओढून बसली. "डावरीच होती ती, सुगिमान. आजीसमोर वाढणं, देणं-घेणं सगळं उजव्या हाताने. मेणाला बसली की मात्र बाबा म्हणायचे, चालू दे तुझ्या हाताने. त्यांनीच काढलाय हा फोटो."

"आणि मला कुणी बोललं नाही?"

"आजी बोलू देईल तर ना. ती गेल्यावर वाटलं, तुझी सवय मोडलीय, आता कशाला उकरून काढायचं."

"मोडलीय कुठली," सुगिमान म्हणाला. डोळे पुसत त्याने डाव्या हातानेच फोटो पुन्हा फिरवला. आकडे सरळ झाले, लेखणी आईच्या डाव्या हातात परत आली. तो तिच्याकडे बघतच राहिला. आपल्यात तिचं काहीच नाही, हे तो किती वर्षं खरं मानून बसला होता!

निंगने केळ्यांची बशी पुढे केली. त्याचा डावा हात आपोआप निघाला आणि मध्येच थबकला.

"घे की," निंग म्हणाली. "आईचा हात आहे तो."