फोनचे पैसे, चक्की बंद असताना

चक्कीवाले भाऊ कोणालाही आधी बोलू देत नसत. दळणाचा डबा घेऊन उंबऱ्यात पाय टाकायचा अवकाश, की भाऊ सुरू. "या मॅडम, गहू हाये नं? बारीक पाह्यजे, माहीत हाये मले. शाळा बरी चालून राह्यली. साहेब येऊन गेले म्हनते. बसा." प्रश्नही त्यांचे, उत्तरंही त्यांचीच. आपण फक्त मान हलवायची. डब्यात ज्वारी असली तरी आधी मान हलवायची आणि मग झाकण उघडून दाखवायचं. केळझरच्या अलीकडे, मोठ्या रस्त्यापासून आत असलेल्या त्या गावात मी नवी शिक्षिका म्हणून गेले, तेव्हा मला वाटलं, काय हा बडबड्या माणूस! थोड्याच दिवसांत कळलं की भाऊंना ऐकू येत नाही. उभा जन्म चक्कीच्या घरघराटात गेला, कानांनी कधीच रजा घेतली होती. हे अख्ख्या गावाला माहीत होतं. गावाला माहीत आहे, एवढंच भाऊंना माहीत नव्हतं.

लपवायला कारण होतं. भाऊंचा मुलगा विलास पुण्याला नोकरीत. त्यानं एकदा सगळ्यांसमोर बजावून ठेवलं होतं, "बाबा, ज्या दिवशी तुमचे कान गेले त्या दिवशी चक्की बंद. पट्टा निसटला, दगड रिकामा फिरला, तर ऐकू याले नको काय? मंग चुपचाप पुण्याले चला." पोरगा चुकीचं काही बोलला नव्हता. पण भाऊ एकदा पुण्याला राहून आले होते आणि त्यांनी पुण्याचा धसकाच घेतला होता. "चौथ्या माळ्यावर घर हाये मॅडम. आपल्या खिडकीत उभं राहून दुसऱ्याची खिडकी पाहा. दिवसभर तेच. मानूस मरन नाई तं काय!" म्हणून भाऊ चक्कीवर अनवाणी उभे राहत. धान्य संपत आलं की तळपायांना कळतं म्हणत, आणि कळायचंही. भाऊंच्या पत्नी, म्हणजे आमच्या काकू, तर कोणी न विचारताच सांगत, "आमच्या ह्याईचे कान लय तिखट हायेत हो." काकूंना खरं ठाऊक आहे की नाही, हे मात्र गावाला कधी उमगलं नाही. विचारणार कोण?

गावानं आपल्या परीनं सांभाळून घेतलं होतं. बोलताना बायका उजेडाकडे तोंड करून उभ्या राहत, म्हणजे भाऊंना ओठ दिसत. आमच्या सरपंचांच्या मिशा ओठांवर येत. भाऊंना त्यांचं काहीच कळेना आणि दर वेळी त्यांच्या चण्याच्या डाळीचं जाड रवाळ पीठ निघे. शेवटी सरपंचांनी मिशा कातरल्या. घरी सांगितलं, ऊन फार आहे.

हे सगळं सुरळीत चाललं होतं ते पैसे नगदी होते तोवर. नोट दिसते, नाणं हाताला लागतं. ज्यांच्याकडे तेही नसे त्या बाया दळणातलं वाटीभर पीठ ठेवून जात. ते गहू, ज्वारी, बेसन सगळं एकाच टोपल्यात पडे, आणि काकूंच्या भाकरीला रोज निराळी चव येई. पण मग बसथांब्यापाशी नवी चक्की निघाली. तिथं फोननं पैसे घेत. गावातली तरणी मंडळी खिशात दमडी न ठेवता हिंडणारी, ती तिकडे वळू लागली. भाऊंच्या दारातली डब्यांची रांग रोज आखूड दिसायला लागली.

भाऊंनी आधी फोनच्या पैशांना तात्त्विक विरोध केला. रोज नवं तत्त्व असे. "फोनचा पैसा हवेतून येते. इथं हवेत पीठ उडून राह्यलं. चिकटला म्हंजे?" दुसऱ्या दिवशी, "गणपतीसमोर फोन ठेवता का तुमी? दक्षिणा नोटेचीच ठेवता नं?" आशाबाई म्हणून एक शेतमजूर बाई होती, गावात सगळ्यात तिखट जिभेची. ती उजेडाकडे तोंड करून म्हणाली, "भाऊ, तत्त्व दळून भाकरी होत नाई. आमचे मजुरीचे पैसे आता फोनवरच येते. घेनं असन तं घ्या, नाई तं मी चालली बसथांब्यावर." भाऊंच्या चेहऱ्यावरचं पीठ क्षणभर जास्तच पांढरं दिसलं.

मग विलासनं पुण्याहून चौकोनी ठिपक्यांचा कागद आणि पैसे आले की ओरडून सांगणारा डबा पाठवला. डब्यांच्या त्या राज्यात आणखी एक डबा आला, त्याला बाया बोलका डबा म्हणू लागल्या. पण बोलका डबा बहिऱ्या माणसापुढे ठेवून काय उपयोग? दुसऱ्या कोणी हात टेकले असते. भाऊंनी हात ठेवला. डबा बोलला की थरथरतो, हे त्यांच्या पहिल्याच दिवशी ध्यानात आलं. पीठ चिमटीत घेऊन जोखणाऱ्या माणसाला त्यात काही विशेष वाटलं नाही. ते डब्यावर तळवा ठेवत आणि म्हणत, "आले."

पंचाईत अशी की चक्की सुरू असली म्हणजे त्या खोलीत सगळंच थरथरे. भिंत, काटा, बाक, बाकावरची माणसं. बोलक्या डब्यालाही तो थरथराट चुकला नाही. पहिल्या दिवशी भाऊ नुसतं "आले, आले, आले" म्हणत सुटले. ज्यांनी अजून फोन बाहेर काढला नव्हता त्यांचेही आले. ज्यांचं दळण अजून वर ओतलंही नव्हतं त्यांचेही आले. आशाबाईनं मुकाट्यानं दोनदा फोन तपासला. संध्याकाळी काकूंनी हिशेब घातला तेव्हा आलेले पैसे मनात फार होते आणि बँकेत फार थोडे. दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी आठवून आठवून आणून दिले म्हणून निभावलं. तिसऱ्या दिवशी दारावर खडूनं लिहिलेली पाटी लागली: 'फोनचे पैसे चक्की बंद असतानाच घेतले जातील. हुकमावरून.' हुकूम कोणाचा, ते पाटीत नव्हतं.

त्यानंतर त्या चक्कीवर जे सुरू झालं, तसं मी दुसरीकडे कुठंही पाहिलं नाही. कोणी फोन काढला की भाऊ हात वर करत आणि खटका पाडत. पट्टा फडफडत थांबे, दगड कुरकुरत थांबत, हवेतलं पीठ हळूहळू खाली बसे. मग शांतता. पैसे देणारा माणूस कागदासमोर फोन धरून मग दारापलीकडच्या निंबाखाली जाई, कारण नेटवर्क तिथंच लागे. आत आम्ही सगळ्या गप्प, भाऊ डोळे मिटून डब्यावर तळवा ठेवून बसलेले. बोलणं मना होतं. खोकलाही लोक बाहेर जाऊन खोकत. एकदा सेलूचा एक पाहुणा अशा वेळी आत डोकावला, त्यानं चपला काढल्या, हात जोडले आणि माझ्या कानाशी येऊन हळूच विचारलं, "केव्हा गेले?" तेवढ्यात भाऊंनी डोळे उघडून "आले!" म्हटलं. तो पाहुणा पुन्हा त्या गावात दिसला नाही.

दळणाला अर्धा दिवस लागू लागला. पण गंमत अशी की रांग पुन्हा लांबली. बसथांब्यावरची चक्की झटपट दळून मोकळी होई, तिथं थांबायला मिळत नसे. इथं आपल्या दळणाची वाट पाहत बसायला भरपूर वेळ होता, आणि घरी कोणी 'उशीर काऊन?' म्हणून विचारायची सोय नव्हती. हुकूमच होता.

एके दिवशी मी डब्याच्या अगदी जवळ बसले होते, तेव्हा मला दिसलं की त्यावरचा दिवा लागलेला नाही. चार्जिंगची वायर खिळ्याला टांगलेली आणि तिच्यावर बोटभर पीठ. पीठ बसून त्याचा आवाज आधीच दबला होता आणि आमचे कान भाऊंच्या 'आले'कडेच, त्यामुळे डबा किती दिवसांपासून मुका होता, देव जाणे. आणि भाऊ त्या मुक्या डब्यावर हात ठेवून अचूक सांगत होते, आले, नाही आले. मग माझ्या लक्षात आलं की त्यांचे डोळे मिटलेले नसतातच. ते बारीक उघडे ठेवून पैसे देणाऱ्याचं तोंड पाहत. पैसे गेले की माणसाचा चेहरा जरा सैल पडतो, तेवढं त्यांना पुरे होई. आशाबाईचं मात्र काही केल्या जमेना. तिच्या कपाळाला जन्मजात आठ्या. तिला भाऊ हटकून म्हणत, "नाई आले." ती बिचारी नेटवर्कला शिव्या देत दुसऱ्यांदा पैसे पाठवी. ती बसथांब्यावर जाईल म्हणून जो माणूस हादरला होता, तोच तिच्याकडून दुप्पट घेत होता, आणि दोघांनाही पत्ता नव्हता. मी हे तिला सांगितलं. ती विचारात पडली आणि म्हणाली, "आता काय सांगता त्याईले? मी आपली हासून पाहीन." त्या दिवसापासून आशाबाई पैसे दिले की बत्तीशी दाखवू लागली. तिच्या नवऱ्याला म्हणे तिच्या तब्येतीची काळजी वाटू लागली होती.

आणि मग विलास आला. कोणाकडून तरी त्याच्या कानावर गेलं होतं की बाबांना ऐकू येत नाही. काकूंनी आदल्या संध्याकाळी मला निरोप दिला, "मॅडम, उद्या पोरगा येते म्हनते. दळन असन तं आनजा." एवढंच. पण तेवढा निरोप गावभर फिरला. दुसऱ्या दिवशी अख्खं गाव दळण घेऊन हजर, आणि प्रत्येकाच्या मुठीत नगदी पैसे. कोणी फोन काढायचा नाही, म्हणजे डब्याचा प्रश्नच नाही, असं ठरलं होतं. विलास बाकावर बसून पाहत होता. शेवटी तो म्हणाला, "या गावात कोनीच फोननं पैसे देत नाई काय? मंग तो डबा मी कायले पाठवला?"

सगळे आपापल्या डब्यांची झाकणं घट्ट करू लागले. विलास उठला, स्वतःचा फोन काढून डब्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "बाबा, घ्या. मी देतो." भाऊंनी त्याच्या हातातला फोन पाहिला. हात वर केला, खटका पाडला. पट्टा थांबला, दगड थांबले. भाऊंनी मुक्या डब्यावर तळवा ठेवला आणि पोराच्या तोंडाकडे पाहू लागले. सरपंच कातरलेल्या मिशांवरून बोट फिरवत उभे. आशाबाई सवयीनं दात काढून हसत होती, तिला मी चिमटा काढला. मला खरोखर भीती वाटत होती. डोळ्यांसमोर चौथा मजला आणि खिडकीतले भाऊ दिसत होते. बराच वेळ गेला. विलासच्या चेहऱ्यावरचा ताण काही उतरेना.

"नाई आले," भाऊ म्हणाले. "तू दिलेच नाई."

विलासनं खरंच दिले नव्हते. नुसता फोन धरून उभा होता. तो ओशाळला, हसला, आणि आता खरे पैसे द्यावेत म्हणून खाली वाकून कागदासमोर फोन धरायला गेला. वाकल्यावर त्याला डबा जवळून दिसला. त्यानं बटण दाबलं. पुन्हा दाबलं. खिळ्यावरची वायर पाहिली. मग मान वर करून आम्हा सगळ्यांकडे पाहिलं, आणि आम्ही सगळ्यांनी त्याच्याकडे. इतके अपराधी चेहरे मी परीक्षेच्या हॉलमध्येही कधी पाहिले नाहीत.

विलासनं वायरवरचं पीठ फुंकलं आणि ती डब्याला लावली. लाल दिवा लागला. मग त्यानं बापाकडे पाठ केली आणि घराच्या दारात उभ्या असलेल्या काकूंना ओरडून सांगितलं, "आई, बाबाचे कान चांगले हायेत. कायचं पुनं न् कायचं काय!" काकू म्हणाल्या, "मी तं आधीच सांगत होती," आणि पदरानं तोंड पुसत आत गेल्या. विलास त्या संध्याकाळच्या बसनं गेला. त्यानंतर तो दर महिन्याला येऊन दगड, पट्टा सगळं स्वतः तपासून जाऊ लागला. कारण कधी सांगितलं नाही, आणि भाऊंनी विचारलं नाही.

पुढे माझी बदली झाली. शेवटचं दळण घ्यायला गेले तेव्हा भाऊंनी माझ्यासाठी खटका पाडला. मी फोन काढलाही नव्हता. त्यांनी मला दाराबाहेर निंबाखाली नेलं, इकडे तिकडे पाहिलं आणि म्हणाले, "मॅडम, तुमी आता बाहेरगावच्या झाल्या, म्हनून सांगतो. मले ऐकू येत नाई. बिलकुल नाई. कोनाले माहीत नाई हे. तुमच्या काकूलेही नाई. कोनाले सांगू नका." मी गळ्याला हात लावून शपथ घेतली. हसू आणि रडू एकदम येत होतं, म्हणून खाली पाहिलं. परत आत गेले तर डबे धरून बसलेल्या सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळलेल्या. आशाबाईनं विचारलं, "काय म्हनलं जी भाऊनं?" मी म्हटलं, "काही नाही, सुट्टे नव्हते त्यांच्याकडे."

भाऊ गेले, चक्की शेवटच्या आठवड्यापर्यंत चालवून गेले. काकूंनी फोन करून कळवलं. त्याच बोलत राहिल्या, कोण कोण आलं, विलास कसा आहे, अगदी भाऊंसारख्या, प्रश्न त्यांचे आणि उत्तरंही त्यांचीच. मग एकदम आवाज खाली आणून म्हणाल्या, "मॅडम, आता एक सांगू काय तुमाले? त्याईले ऐकू येत नव्हतं हो. कितीतरी वर्सं झाले. मी कोनालेच समजू देल्लं नाई. पोरालेही नाई. तुमाले कधी शंका आलती काय?"

"नाही हो काकू," मी म्हटलं. "कधीच नाही."