सोरा एर्सिलियाचा पाचवा प्रश्न

आधीच सांगून ठेवतो, आमचं गाव म्हणजे रोम नव्हे. जहाजवाले त्यांच्या कागदांवर खुशाल ‘रोम’ छापतात, आणि लोक धक्क्यावर उतरून मला विचारतात, कलोसियम कुठल्या बाजूला? सत्तर किलोमीटर त्या बाजूला, बाई! हे चिवितावेक्किया आहे. रोमला येणारा दर्यावर्दी पाहुणा पहिलं पाऊल आमच्या दगडावर ठेवतो, पण नाव मात्र रोमचं होतं. याचा मला राग येतो आणि मी तो लपवत नाही.

त्या सत्तर किलोमीटरांवर आमच्या सहा गाड्यांची संस्था चालते. मी ओविदिओ, त्यातली एक गाडी माझी. मी तोंडाने फटकळ आहे असं सगळे म्हणतात. असेन. पण सोरा एर्सिलियाबद्दल (सोरा म्हणजे आमच्या बोलीत ‘बाई’) कुणी वेडंवाकडं बोललं तर त्याला मी भर रस्त्यात गाडीतून उतरवीन, मग तो गिऱ्हाईक का असेना.

जहाजाने येणाऱ्याला धक्क्यावर गाडी हवी असली की तो आमच्या संस्थेला फोन करतो, आणि तो फोन एकतीस वर्षं एर्सिलियाच्या स्वयंपाकघरात वाजतोय. तिचा नवरा नाझ्झारेनो आमच्यातलाच, माझ्या आधीचा. साखरेने त्याचे डोळे गेले आणि गाडी सुटली. घरी बसून तो चिडचिड करायला लागला तेव्हा ही म्हणाली, “तू नुसता बसून राहा, फोन मी घेते.” इंग्रजी तिला एक अक्षर येत नव्हतं. फोनवरच शिकली. त्याचा परिणाम असा झाला की आजही समोर परदेशी माणूस उभा राहिला की तिची इंग्रजी पळून जाते, आणि फोन कानाला लावला की परत येते. नाझ्झारेनो गेला त्याला आता बारा वर्षं झाली. फोन आहे तिथेच आहे, ओट्याशेजारी, तेलाच्या बाटलीला टेकून.

तिची वही उघडली तर प्रत्येक प्रवाशापुढे पाच रकाने दिसतील. जहाज कुठलं, तारीख कोणती, माणसं किती, बॅगा किती. हे चार प्रश्न जगातला कुठलाही गाडीवाला विचारतो. पाचवा प्रश्न फक्त हीच विचारते: “आणि का चाललात?”

लोक बिथरतात हो! एका जर्मन बाईने तर फोनच आपटला. मी स्वतः तिला दहादा म्हटलं असेल, “सोरा, हे काय पोलीस ठाणं आहे? त्यांना जायचंय, आपण न्यायचं, विषय संपला. सगळं जग आता यंत्रावर बटण दाबून गाडी ठरवतं. तिथे कुठे कुणी का म्हणून विचारतं?”

“तुला गाडी हाकायची ना?” ती म्हणायची. “मग हाक. वहीत नाक खुपसू नको.”

आता हा प्रश्न आला कुठून ते सांगतो. तिचं फोनवरचं पहिलंच वर्ष होतं. ऑस्ट्रेलियाहून जहाजाने निघालेल्या एका माणसाने वाटेतल्या बंदरातून गाडी सांगितली होती. तेव्हा ती चारच प्रश्न विचारायची. ठरल्या दिवशी लिबेच्चो सुटला. लिबेच्चो म्हणजे आमचा नैर्ऋत्येचा वारा. तो पेटला की लाटा बाहेरच्या बांधावरून उड्या मारतात. जहाज बाहेर थांबलं. आता बघा, एर्सिलिया कुणाची पोर? धक्क्यावर जहाजांचे दोर बांधणाऱ्या तेलेस्फोरोची. बापाने तिला लहानपणापासून शिकवलेलं, की लिबेच्चो दहाच्या सुमाराला दमतो आणि जहाज आत येतं. आमच्या गावात हे सगळेच मानतात. आमच्या बंदराला पाठ दाखवून जहाज दुसरीकडे जाईल हे आमच्या मनाला शिवतच नाही, एवढा आमचा ताठा. तिने गाडीवाल्याला सांगितलं, थांब, येईल. तो गाडीवाला मीच होतो. मीही म्हटलं, येईल, जातं कुठे!

जहाज नेपल्सला गेलं. दोन दिवसांनी त्या माणसाचा फोन आला. आईला मातीत ठेवताना त्याला हजर राहायचं होतं. दुपारी तीनची वेळ होती. नेपल्सच्या धक्क्यावर तो उतरला तेव्हा त्याला न्यायला कुणी नव्हतं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, पण तो एवढंच म्हणाला, “तुम्हाला माहीत नव्हतं, बाई, तुमची चूक नाही.” एर्सिलियाने फोन ठेवला, वहीवर पट्टी धरली आणि पाचवा रकाना आखला. हे मला नाझ्झारेनोने सांगितलं. तिने स्वतः यावर कधी चकार शब्द काढला नाही.

तर गेल्या वर्षीच्या ईस्टरनंतरची गोष्ट. अर्जेंटिनातल्या रोसारियोहून दोरालिचे बेविलाक्वा नावाच्या बाईंनी गाडी सांगितली. वय ब्याऐंशी, माणूस एक, बॅग नाही, कारण रात्री परत त्याच जहाजावर चढायचं होतं. पाचव्या रकान्यात एर्सिलियाने एकच शब्द लिहिला होता: बहीण. बहीण रोममध्ये एका मठात, बंद दारांच्या मठात, म्हणजे आतल्या जोगिणी बाहेर पडत नाहीत, पाहुण्यांना जाळीआडून भेटतात. चौऱ्याऐंशी वर्षांची. एक्कावन्न वर्षांत दोघींची भेट नाही. मठाच्या मोठ्या बाईंनी परवानगी दिली होती ती त्याच एका मंगळवारी, तीन ते पाच. पाचला प्रार्थनेची घंटा, मग जाळीचं दार बंद.

मंगळवारी सकाळी सव्वासहाला माझा फोन वाजला. मी दाढी करत होतो.

“ओविदिओ, निघ. नेपल्सला.”

“कुठे?”

“बहिरा झालास का? नेपल्स. मी आत्ताच गच्चीवरून बघून आले. लाटा बांधावरून येतायत. जहाजांना आत आणणाऱ्या वाटाड्यांची होडी आतच बांधलेली आहे, आणि जहाज बाहेर थांबलं होतं ते आत्ता वळलं. तोंड दक्षिणेला.”

“अगं सोरा, दहाला वारा पडेल! जरा दम धर. जहाजाच्या कचेरीतून अजून काही आलेलं नाही.”

मग ती म्हणाली, “तू हेच तेव्हाही म्हणाला होतास. आणि मीही.”

मी तरी हट्ट सोडला नाही. माझी बुद्धी म्हणायची दुसरं काय! म्हटलं, “आणि जहाज इथेच आलं तर? मी तिकडे नेपल्सवाल्यांत उभा राहू? हसतील मला!”

“हसू देत. तू जात नसशील तर चावी खाली ठेव, मी चालवते.”

एर्सिलियाला गाडी चालवता येत नाही. मी अर्धी दाढी तशीच ठेवून निघालो. तिच्या दारापाशी थांबलो तर वरून दोरीला बांधलेली टोपली खाली आली. टोपलीत आमचा ईस्टरचा बडीशेपेचा गोड पाव, कापडात गुंडाळलेला. वरून ओरडली, “तिच्यासाठी आहे! तू तोडू नकोस!”

मी रस्त्याला लागेपर्यंत तिने दोरालिचेबाईंनाही फोन लावला होता. बाई जहाजावर कपडे करून, पर्स मांडीवर घेऊन बसल्या होत्या. एर्सिलिया त्यांना म्हणाली, “सिन्योरा, घाई करू नका, पोटभर न्याहारी करा. तुमची गाडी नेपल्सला उभी असेल.” बाई चौकशीच्या खिडकीवर गेल्या. तिथली पोरगी हसून म्हणाली, “आजी, आपण रोमला चाललोय, थोडा उशीर आहे इतकंच.” जहाज नेपल्सला जाणार हे जहाजावर जाहीर झालं पावणेनऊला. तोवर मी अर्ध्याहून जास्त रस्ता कापला होता. त्या पोरीचं तोंड बघायला मिळालं नाही याची मला अजून हळहळ वाटते.

नेपल्सच्या धक्क्यावर मी पावणेदहाला उभा राहिलो, हातात दोरालिचेबाईंच्या नावाची पाटी. तिथल्या गाडीवाल्यांनी माझ्या गाडीकडे पाहिलं, मग माझ्या अर्ध्या दाढीकडे, आणि मग काय, त्यांची चैनच झाली.

“काय काका, तुमचं बंदर वाहून गेलं का?”

“घाईत निघालात वाटतं! उरलेली दाढी इथे करून देऊ?”

मी गप्प. चार तास गप्प. माझ्यासारख्या माणसाला ही काय शिक्षा होती ते माझी बायकोच सांगेल. दर अर्ध्या तासाने एर्सिलियाचा फोन, “दिसलं का?” आणि माझं उत्तर, “नाही.”

पावणेदोनला जहाज लागलं. आणि मग वरून जो गलका उतरला! रोमला जायचे शेकडो लोक, सगळ्यांच्या सहली बुडालेल्या. कुणी तिकीट नाचवतंय, कुणी रडतंय, कुणी त्या चौकशीवाल्या पोरीला फाडून खातंय. त्या गर्दीतून निळा झगा घातलेली, चिमणीएवढी एक म्हातारी काठी टेकत सरळ माझ्या पाटीपाशी आली. म्हणाली, “ओविदिओ ना? सोरा एर्सिलियाने सांगितलं होतं, एका बाजूने दाढी असलेला माणूस शोधा.”

नेपल्सवाल्यांतला सगळ्यांत जास्त हसणारा जो होता, त्याने टोपी काढली. म्हणाला, “काका, ही तुमची बाई आहे कोण? आमच्याकडे पाठवा ना.”

“तुमच्या बंदराची लायकी नाही,” मी म्हटलं आणि दार लावलं. चार तासांचा वचपा एका वाक्यात निघाला.

पुढे मी गाडी कशी हाकली ते विचारू नका. बाई मागे पाव मांडीवर घेऊन बसल्या होत्या, एक तुकडाही मोडला नाही. एकदाच म्हणाल्या, “आमच्या आईच्या हाताला असाच वास यायचा.” रोमच्या तोंडाशी गाड्या तुंबल्या. घड्याळात चार वाजून पाच. मी हॉर्न दाबून ठेवला, गल्ल्यांतून घुसलो, एका बसवाल्याशी जन्माचं वैर घेतलं. चार पस्तीसला मठाच्या दाराशी गाडी लागली.

एक्कावन्न वर्षांना पंचवीस मिनिटं मिळाली. मी पाव धरायला म्हणून आत गेलो होतो, लगेच निघणार होतो, पण पाय हलेनात. जाळीपलीकडे दुसरी म्हातारी, अशीच चिमणीएवढी. पहिली दहा मिनिटं दोघी जाळीतून बोटं घालून नुसत्या एकमेकींचा चेहरा चाचपत होत्या. मग पाव मोडला, जाळीतून तुकडे गेले, आणि पलीकडची म्हणाली, “बडीशेप कमी आहे.” इकडची म्हणाली, “तू अजून तशीच आहेस, लेतिझिया, खोडच काढायची.” आणि दोघी हसायला लागल्या, मग रडायला. मी भिंतीकडे तोंड केलं. वयाच्या साठाव्या वर्षी परक्यांसमोर रडायची मला सवय नाही.

घंटा झाली. निघताना बहिणीने मला जाळीपाशी बोलावलं. “समुद्र बघून ज्या बाईने तुम्हाला पाठवलं, तिचं नाव मला हवंय. मी आहे तोवर रोज सकाळी देवापुढे ते नाव घेईन.” मी म्हटलं, “तिला विचारून कळवतो.” न विचारता तिचं नाव कुठे दिलं तर ती मला सोलून काढते.

नेपल्सला जहाजाची शिडी उचलायला पाऊण तास असताना आम्ही पोचलो. मी एर्सिलियाला फोन लावला आणि बाईंच्या हातात दिला, आवाज मोठा करून. बाईंनी सगळं सांगितलं. जाळी, पाव, बडीशेप. मग म्हणाल्या, “लेतिझियाला तुमचं पूर्ण नाव हवंय, रोजच्या प्रार्थनेसाठी. मी आत्ताच मठात फोन करून सांगते.” आणि त्यांनी पर्समधून पेन काढलं.



“माझं नको,” एर्सिलिया म्हणाली. “सिल्व्हानो तोझ्झी असं लिहा. आणि जमलं तर त्याची आई. तिचं नाव मला माहीत नाही.”

बाईंनी लिहून घेतलं. हळूच विचारलं, “तुमचे यजमान का?”

“नाही. आमचा एक प्रवासी.”

बाई मला जवळ घेऊन, दोन्ही गालांची चुंबनं घेऊन शिडी चढल्या. वरून हात हलवत राहिल्या. मी खाली तसाच उभा, कारण मला आठवायला तेवढा वेळ लागला. सिल्व्हानो तोझ्झी. एकतीस वर्षांपूर्वी, आमच्या धक्क्यावर, सकाळी सातपासून दुपारी बारापर्यंत ते नाव लिहिलेली पाटी माझ्याच हातात होती, आणि मी ते साफ विसरलो होतो.

फोन चालूच होता. “ओविदिओ,” ती म्हणाली, “चढली का रे ती?”

“चढली, सोरा,” मी म्हटलं. “वहीत खूण कर.”