अर्धं हेलिकॉप्टर

गुन्वोर आमच्या ऑफिसातली सगळ्यात चिकाटीची बाई. लिनशॉपिंग शहरातल्या त्या विटकरी इमारतीत बसून ती हेलिकॉप्टरवर रेडिओचा अँटेना कुठे बसवायचा, हे गणिताने ठरवायची. हेलिकॉप्टरच्या पत्र्याचे संगणकात बारीक तिकोनी तुकडे पाडायचे, प्रत्येकातून वीज कशी वाहते ते काढायचं, की कुठल्या दिशेला ऐकू जाईल आणि कुठल्या नाही ते कळतं. तेव्हाचे संगणक मात्र आमच्यासारखेच, लगेच धापा टाकणारे. अख्खं हेलिकॉप्टर त्यांना झेपायचं नाही. म्हणून आम्ही सगळेच डावी बाजू मोजायचो आणि उजवी आरशातल्यासारखी तशीच धरायचो. एकाच बाजूला काही असलं, तर ते चित्रातून पुसून टाकायचो.

बचावाच्या हेलिकॉप्टरला उजव्या दारावर विंच असते, बुडत्या माणसाला दोराने वर ओढणारी. गुन्वोरने ती पुसली, आणि त्याच हिशोबाने अँटेना बसला.

नोव्हेंबरात बाल्टिक समुद्रावर वादळ वाढलं, तेव्हा किनाऱ्यावरून बचावाला गेलेल्या त्या हेलिकॉप्टरला 'परत या' म्हणून पुन्हा पुन्हा सांगितलं गेलं. त्याची उजवी बाजू किनाऱ्याकडे होती. आतल्या तिघांना काहीच ऐकू आलं नाही. तिघेही गेले, आणि चौकशीत सगळा दोष वादळाच्या माथी मारला गेला.

पुढे मोठा संगणक आला. गुन्वोरने अख्खं हेलिकॉप्टर मोजलं, विंचसकट. उजवीकडे रेडिओ जवळजवळ बहिरा निघाला. ती तडक स्टेलानकडे, आमच्या साहेबाकडे गेली.

"चूक माझी आहे. त्यांच्या घरच्यांना सांगायला हवं."

"अगं, अर्धं तर सगळेच मोजतात. बाकीच्या हेलिकॉप्टरांवरचे अँटेना हलवू आपण. पण चौकशी संपलीय ना आता? चार दिवस सुट्टी घे."

"सुट्टी कसली देतोस? ओरड ना माझ्यावर!"

"कॉफी घेतेस?"

मी शेजारच्याच टेबलावर होतो. माझं डोकंच फिरलं. माणूस कबुली द्यायला दारात उभा आहे आणि आम्ही त्याला कॉफी विचारतो! कामाच्या गुप्ततेच्या करारावर सही केलेली, त्यामुळे तिला बाहेर अवाक्षर काढायची सोय नव्हती. अँटेना गुपचूप हलले. गुन्वोर त्यानंतर हसली असेल, पण मी पाहिलं नाही.

निवृत्तीच्या दिवशी केक जाणाऱ्यानेच आणायचा, ही आमची रीत. तिने हिरवा, बदामाच्या लगद्याचा आणला. स्टेलानने तिला भेट दिली ती स्वतःच्या हाताने कोरलेलं लाकडी हेलिकॉप्टर. महिनाभर खपला होता बिचारा. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. गुन्वोरने ते उजवीकडे वळवून पाहिलं.

"विंच कुठाय?"

"कोरली होती गं. पण एकाच बाजूला काही बरी दिसेना, म्हणून तासून टाकली."

तिने हेलिकॉप्टर हळूच टेबलावर ठेवलं.

"त्या तिघांना आजही ऐकू जाणार नाही," ती म्हणाली.

स्टेलानने सुरी उचलली आणि तिला केवढा तुकडा हवा ते विचारलं.