धरणावरची अनुसयामाय

अनुसयामाय माशाकडे न बघता मासा ओळखायची. मोताळ्याकडच्या धरणाच्या काठावर आमच्या मच्छीमार संस्थेचा वजनकाटा होता. सकाळी क्रेट येऊ लागले की ती तिथे उकिडवी बसायची. नजर पाण्यावर आणि उजवा हात क्रेटमध्ये. हात आत फिरायचा, एखादा मासा बाहेर यायचा आणि तो आणणाऱ्याकडे मानही न वळवता ती म्हणायची, "हे तिसरीत हाय अजून. सोड त्याले." पुढचा हाती लागला की, "हे चौथी नापास. हेबी सोड." मग एखादा भरलेला रोहू लागायचा आणि तिचा चेहरा खुलायचा. "हा मॅट्रिक झाला. जाऊ दे ह्याले बाजारात."

हे काम तिला कोणी दिलेलं नव्हतं. लहान मासा जिवंत असला तर ती पाण्यात सोडायला लावायची आणि मेलेला असला तर ज्याच्या जाळ्यातून आला त्याला घरी न्यायला लावायची, विकू द्यायची नाही. संस्थेत साठ-सत्तर भोई कुटुंबं होती, त्यातले निम्मे पुरुष तिच्याहून वयाने मोठे. तरी तिच्या हाताला कोणी आडवं येत नसे.

मी संस्थेत सचिव म्हणून लागलो तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो. वडनेर भोलजीच्या शाळामास्तरांचा मुलगा, सहकाराची पदविका घेतलेला. पाणी पाहिलं असेल तर विहिरीतलं. पहिल्या दिवशी मी इस्त्रीच्या शर्टात काट्याजवळ उभा राहिलो. अनुसयामायने मला खालून वर न्याहाळलं.

"सेक्रेटरी भाऊ, पोहता येते का?"

"नाही."

"मासा वळखता येते?"

"ताटातला येतो," मी म्हणालो.

ती इतकी हसली की तिला पदर तोंडाला लावावा लागला. "मंग ताटापासूनच सुरू करू."

मला वाटलं, चेष्टा झाली. पण दुसऱ्या दिवशी दुपारी ती खरोखरच डबा घेऊन ऑफिसात आली. ऑफिस म्हणजे पत्र्याची एक खोली. तिने ज्वारीची भाकर आणि रस्सा पुढे ठेवला, समोर बसली आणि मी काटा तोंडातून काढला की तो हातात घेऊन समजावू लागली. हा रोहूचा, हा मृगळाचा, हा कटल्याचा. आठ दिवस तिने मला रोज वेगळा मासा खाऊ घातला आणि आधी नाव न सांगता काट्यावरून ओळखायला लावलं. नवव्या दिवशी मी चुकलो नाही. "आता क्रेटपाशी या," ती म्हणाली. तोपर्यंत संस्थेतल्या कोणीही माझ्याशी कामापलीकडे बोललेलं नव्हतं. त्या दिवसापासून बोलू लागले.

तिची स्वतःची गोष्ट मला अध्यक्षांनी, दगडूभाऊंनी सांगितली. मी यायच्या दोन वर्षं आधी तिचा नवरा काविळीने गेला. त्याच्या जागी सभासद म्हणून मुलाचं नाव लावावं असं सगळ्यांचं मत होतं, पण मुलगा गोपाल चाकणला कारखान्यात होता. अनुसयामाय सभेत उभी राहिली. "माहा पोरगा तिकडे मोटारीचे नट कसून राह्यला. तो अठी जाळं टाकायले येईन का? माह्यं नाव लिहा." स्वतः मासेमारी करणाऱ्यालाच सभासद होता येतं, असा नियम तिला दाखवण्यात आला. "हाव, मंग सकाळी समदे काठावर या," म्हणून ती घरी गेली.

सकाळी निम्मं गाव काठावर जमलं. तिने लुगड्याचा काचा मारला, थर्माकोलच्या तराफ्यावर मांडी घातली आणि हातातल्या दोन फळ्यांनी पाणी मागे सारत धरणाच्या मध्यापर्यंत गेली. नवऱ्याबरोबर ती वीस वर्षं पाण्यावर होतीच. फक्त ते कागदावर नव्हतं. तिने जाळं लावलं, परत आली आणि ओल्या पायांनी दगडूभाऊंसमोर उभी राहिली. "जाळ्याले ठाव हाय का, टाकनारी बाई हाय का मानूस?" दगडूभाऊ मला सांगत होते, "मी टोपी काढली, ऑफिसात गेलो अन् फारम सोताच्या हातानं भरला." ती संस्थेची पहिली बाई सभासद.

माझ्या दुसऱ्या वर्षी मी एक उद्योग अंगावर घेतला. आमच्या धरणात झिंग्यांचं बीज सोडायचं. गोड्या पाण्यातला मोठा झिंगा सहा-आठ महिन्यांत वाढतो, शहरात त्याला मागणी असते, हे मी एका प्रशिक्षणात ऐकून आलो होतो. भोई मंडळींनी धरणातले नखाएवढे झिंगे पाहिलेले, हातभर झिंगा कोणी पाहिला नव्हता. सभेत खूप वाद झाला. शेवटी दगडूभाऊ म्हणाले, "सेक्रेटरी म्हणते तर एक डाव करून पाहू. फसलं तर मंग सेक्रेटरीचं पाहू."

पोळ्यानंतर धरण भरलं आणि बीज आलं. जीपमध्ये फुगवलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या आणि प्रत्येकीत सुईच्या टोकाएवढे हजारो जीव. रस्त्यात जीप पंक्चर झाल्याने उशीर झालेला, ऊन चढलेलं. मी घाबरून पहिली पिशवी फोडायला घेतली तर अनुसयामायने माझं मनगट धरलं.

"काय करून राह्यले?"

"मरतील माय, लवकर सोडायला पाहिजेत."

"पावना दारात आला की त्याले एकदम ताटावर बसवता का? आधी पाय धुवायले पानी देतेत." तिने पिशवीवरून हात फिरवला, मग तोच हात धरणात बुडवला. "आतलं पानी ऊन हाय, बाहीरचं गार. पिशव्या तशाच पान्यात ठेवा."

प्रशिक्षणात हेच सांगितलं होतं आणि घाईत मी नेमकं तेच विसरलो होतो. अर्धा तास पिशव्या पाण्यावर तरंगत राहिल्या. मग तिने एकेकीचं तोंड उघडलं, थोडं थोडं धरणाचं पाणी आत घेतलं आणि पिशवी हळूच आडवी केली. बीज पाण्यात गेलं, आणि दिसेनासं झालं.

दिसेनासंच राहिलं. दसरा गेला, दिवाळी गेली. कोणाच्या जाळ्यात एक झिंगा आला नाही. काट्याजवळ मला लोक विचारू लागले, "सेक्रेटरी साहेब, तुमचे झिंगे पोहत पुण्याले गेले का?" मी हसायचो आणि घरी जाऊन झोपायचो नाही. सभेत माझं "पाहायची" वेळ जवळ येत होती. एकदा मी अनुसयामायला विचारलं, "खरंच मेले असतील का?" ती जाळं विणत होती. "तुमी शेतात हरभरा पेरला की रोज उकरून पाहता का?" ती म्हणाली आणि पुढची गाठ मारली.

संक्रांतीच्या सुमाराला गोपाल चाकणहून परत आला. कारखान्यात माणसं कमी केली, त्यात त्याची नोकरी गेली. आई खुश होती. घरात दोन ताटं लागू लागली. गोपालला मात्र रिकामं बसणं खात होतं. दहा-बारा दिवसांनी एका सकाळी तो काट्यापाशी बादली घेऊन आला. तोंडावर असं हसू, की जणू पहिला पगार आणलाय. बादलीत बोटभर लांबीचे झिंगे वळवळत होते, वरपर्यंत भरलेले. "सेक्रेटरी, तुमचे झिंगे जित्ते हायेत! काठच्या उथळ पान्यात मच्छरदानी ओढली, एका खेपेत इतके!"

लोक गोळा झाले. मला तर रडू यायचं बाकी होतं. माझे झिंगे जिवंत होते! कोणी गोपालच्या पाठीवर थाप मारली, कोणी आपल्या घरच्या मच्छरदाणीची आठवण काढली.

अनुसयामाय उठली. तिने बादली मुलाच्या हातातून घेतली, गुडघाभर पाण्यात गेली आणि हळूहळू रिकामी केली. मग वळून म्हणाली, "बालवाडी उचलून आनली बे तू. पूरी बालवाडी."

"माय, पन मले काय मालूम—"

"तुले मालूम नाही. मले मालूम हाय." ती माझ्याकडे वळली. "सेक्रेटरी भाऊ, बारीक जाळ्याचा कायदा काय हाय आपला?"

मी वही उघडून वाचून दाखवला. कायदा साधा होता: बारीक जाळी वापरणाऱ्या सभासदाला तीन महिने पाण्यावर बंदी. पण गोपाल सभासद नव्हता. तो आईच्या नावावर पाण्यात उतरला होता.

"म्हंजे बंदी मले," ती म्हणाली. "लिहा."

दगडूभाऊ पुढे झाले. "अनुसये, पोट्टं नवीन हाय. सोडून दे. कोनी तक्रार केली नाही."

"मी केली ना! भाऊ, आज माह्या पोराचं सोडलं, तर उद्या साठ घरातून साठ मच्छरदान्या निंगतीन. मंग सेक्रेटरीनं काऊन आनलं ते बीज? आपन त्याले बीज आनायले लावलं अन् आपनच खाऊन टाकावं?"

मी लिहिलं. त्या घरात दुसरी मिळकत नव्हती, हे मला माहीत होतं. तिने अंगठा नाही, सही केली. प्रौढ साक्षरता वर्गात शिकलेली, प्रत्येक अक्षर सुटं.

ते तीन महिने ती रोहिणखेडच्या शिवारात मजुरीवर हरभरा सोंगायला, कापणीला गेली, नंतर गहू. गोपालही बरोबर गेला. पहिले काही दिवस तो आईशी बोलत नव्हता. मग एका संध्याकाळी तो ऑफिसात आला आणि दाराशी उभा राहून म्हणाला, "साहेब, माय दिवसभर वाकून राह्यते अन् घरी येऊन मलेच विचारते, तुह्ये हात दुखतेत का म्हून." मी त्याला चहा पाजला. त्यानंतर दोघं मायलेक सुट्टीच्या दिवशी काठावर येऊन बसायचे. ती त्याला बसल्या जागेवरून वारा, गाळ, खोल पाण्याची जागा दाखवायची. पाण्याला पाय लावायची नाही. बंदी म्हणजे बंदी.

त्या हंगामात एकाही घरातून मच्छरदाणी निघाली नाही. संस्थेचा धाक होता असं नाही. पण तिला विळा घेऊन सकाळच्या एसटीला जाताना सगळ्यांनी पाहिलं होतं.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आठ दिवस आधी आम्ही झिंगे काढायचे ठरवलं. बंदी चार दिवसांपूर्वीच संपली होती. पहिलं जाळं कोणी टाकायचं यावर चर्चा झालीच नाही. दगडूभाऊंनी जाळ्याचा दोर उचलून तिच्या हातात दिला. तिने तो गोपालला दिला आणि स्वतः मागे उभी राहिली. जाळं ओढताना जड लागलं. काठाला आलं तेव्हा आत निळसर लांब नांग्यांचे झिंगे, एकेक तळहाताहून मोठा. कोणीतरी ओरडलं, कोणी शिट्टी मारली. दगडूभाऊंनी एक झिंगा उचलला तर त्याने त्यांच्या अंगठ्यालाच धरलं, आणि आमचे अध्यक्ष सगळ्यांसमोर लहान पोरासारखे नाचले. अनुसयामाय हसता हसता खाली बसली. गोपालला पुढच्याच सभेत सभासद करून घेतलं, आणि माझं जे "पाहायचं" होतं, ते कोणी पुन्हा काढलं नाही.

आणखी तीन वर्षांनी मला बुलढाण्याला नोकरी लागली. निरोपाचा नारळ, शाल सगळं झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी किल्ल्या द्यायला गेलो तर अनुसयामाय संस्थेच्या नव्या फायबरच्या होडीत बसलेली. "या," ती म्हणाली.

"माय, पाच वर्षांत नाही बसलो, आता कशाला?"

"म्हूनच."

मी भीत भीत बसलो. ती वल्हवत मधोमध घेऊन गेली. पाणी शांत होतं. काठावर माणसं दिसत होती, छोटी छोटी. तिने बोट दाखवलं. "तो दगडूभाऊ, चालन्यावरून वळखू येते. ती गोपालची नवी बायको, भांडे घासून राह्यली. काठावरून पाहा, पानी समदं सारखंच दिसते. पन पान्यातून पाह्यलं, तर काठावरचा हरेक मानूस अलग दिसते. तुमी मोठ्या ऑफिसात जाऊन राह्यले. तठी खिडकीतून लोक सारखेच दिसतीन. तवा हे याद ठेवजा."

मी मान हलवली.

"आता तुमी वल्हवा," म्हणून तिने वल्हं माझ्या हातात दिलं, माझ्याकडे पाठ केली आणि फाटलेलं जाळं मांडीवर घेऊन सांधायला लागली. होडी आधी डावीकडे गेली, मग उजवीकडे, मग स्वतःभोवती फिरली. अनुसयामायने एकदाही मागे वळून पाहिलं नाही. काठ यायला आम्हाला पाऊण तास लागला.